देवात आनंद, देवावर भरवसा: सोलापूरच्या आमच्या प्रार्थना गटात सारखे येणारे प्रश्न

सलाम सगळ्यांना. बुधवारच्या घरगुती प्रार्थनेनंतर चहा पिता पिता आणि मग रात्री व्हॉट्सअॅपवर जे प्रश्न परत परत येतात ते एका जागी टाकलेत, म्हणजे नवीन येणाऱ्याला शोधत बसायला नको. मी पाळक (पास्टर) नाही, मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, साधा माणूस आहे, त्यामुळे जिथे माझं मत आहे तिथे माझं मत असं सांगितलंय. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, प्रश्नाचा नंबर दिलाय तिथे जाऊन वाचा.

१. "प्रभूमध्ये आनंद करा" म्हणजे नेमकं काय करायचं? कायम हसत राहायचं का?

नाही हो. येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलाने फिलिप्पैकरांस पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता आणि त्याच पत्रात आनंद करा, पुन्हा म्हणेन आनंद करा असं येतं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत आजारी पडून मरायला टेकला होता तो वाचला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं असंही तोच पौल लिहितो. म्हणजे आनंद करा म्हणणारा माणूस स्वतःचं दुःख लपवत नाहीये.

हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय तर आपल्या जिल्ह्यासाठीच लिहिलाय असं मला वाटतं. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी देवाच्या ठायी उल्लास करीन. अवकाळीने बाग झोपलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, द्राक्ष गेलं म्हणजे वर्ष गेलं आणि वर सोसायटीचं कर्ज तसंच. आणि लक्षात घ्या, याच्या एकच ओळ आधी हबक्कूक म्हणतो की माझे ओठ कापतायत, माझे पाय लटपटतायत. पाय लटपटत असतानाच तो उल्लास करीन म्हणतोय. तो आनंद "सगळं छान आहे" यातून आलेला नाही, काही राहिलं नाही तरी देव राहतो यातून आलाय. म्हणून तो रडतानाही असू शकतो.

२. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोज प्रत्यक्षात काय करायचं?

एका दिवसापुरता ठेवायचा. मला तरी एवढंच जमतं आणि शास्त्रातही तेवढंच मागितलंय असं दिसतं. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तो त्या दिवसापुरता, ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्याच्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत पण रोजची भाकर आज दे असंच आहे, वर्षभराची ज्वारी एकदम भरून दे असं नाही.

करायचं काय तर सकाळी उठल्यावर, मोबाईल हातात घ्यायच्या आधी, आजची एक काळजी नाव घेऊन सांगायची. "देवा सगळं चांगलं कर" असं नाही. "आज बचत गटाचा हप्ता आहे, दोनशे कमी पडतायत, मला कोणाकडे मागायला लाज वाटतीय" असं सांगायचं. आणि रात्री झोपताना आज काय मिळालं तेही तसंच नाव घेऊन, पाणी फोर्सने आलं, मुलीचा ताप उतरला, मुकादम ओरडला नाही. हे लई लहान वाटतं पण महिनाभर करून बघा, देव आपल्याशी बोलत नाही असं म्हणणारे लोक हळूहळू त्याची कामं ओळखायला लागतात.

आणि हो, विमा काढणं, पैसे साठवणं, टाकी भरून ठेवणं हा अविश्वास नाही. नीतिसूत्रांत मुंगीकडे जाऊन शीक म्हटलंय. पाणी चार दिवसाआड येणाऱ्या गावात टाकी न भरणारा माणूस विश्वासू ठरत नाही, शेजाऱ्याकडे बादली घेऊन जातो.

३. प्रार्थनेला वेळच मिळत नाही. पहाटे पाणी, मग डबे, मग काम, रात्री अंग मोडलेलं. काय करू?

हा प्रश्न बायकांकडून सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर पण मी एका बाईकडूनच शिकलोय. आमच्या गटात पूर्व भागातल्या एक मावशी आहेत, विड्या वळतात. रात्री पानं भिजवून ठेवायची, सकाळी कात्रीने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं, पानात तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, टोक आत दाबायचं. पंचवीस झाल्या की एक बंडल बांधायचं. त्यांनी काय केलंय तर एक बंडल एका माणसासाठी ठेवलंय. हे बंडल पोराच्या नोकरीसाठी, हे शेजारच्या पद्माच्या डिलिव्हरीसाठी, हे नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. बंडल बांधताना आमेन म्हणतात आणि पुढचं घेतात. दिवसभरात किती लोकांची नावं देवापुढे जातात बघा, आणि कारखान्यात माल द्यायची वेळ चुकत नाही.

लूमवर असाल तर आवाजात मोठ्याने म्हणता येतं, कोणाला ऐकू जात नाही. गाडीवर असाल तर सात रस्त्याच्या सिग्नलला एक ओळ. गुडघे टेकून अर्धा तास ज्याला मिळतो त्याने जरूर करावं, तो मोठा ठेवा आहे, पण नाही मिळत म्हणून मनाला खात बसू नका.

४. बायबल कुठून वाचायला सुरू करू? उत्पत्तीपासून लागलो की लेवीयच्या पुस्तकात अडकतो.

सगळेच अडकतात. मार्कपासून सुरू करा, सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट भराभर पुढे जाते. मग स्तोत्रसंहिता रोज एक, मग फिलिप्पैकरांस, चारच अध्यायांचं. भाषा जड वाटत असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर मोबाईलवर फुकट मिळतं ते घ्या, लाज वाटायचं कारण नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, कशासाठी तर कमी शिकलेल्या बायकांना स्वतः वाचून कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, काम पुरं करून गेल्या. वाचता येत नसेल तर ऑडिओ लावा, भाकरी थापताना चालतो.

५. प्रार्थना करतो पण काहीच वाटत नाही. कोरडं कोरडं. माझा विश्वास गेला का?

गेला असता तर हा प्रश्न विचारला नसता. मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप पोराला घेऊन येतो आणि म्हणतो मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाक. दोन्ही एकाच वाक्यात. आणि प्रभू त्याला आधी विश्वास पक्का करून ये मग बघू असं म्हणत नाही, पोराला बरं करतो.

कोरडेपणाची कारणं कधी कधी फार साधी असतात. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत झाडाखाली बसून मला मरू दे म्हणाला. देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दिला, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं, आणि मग पुढचं बोलणं. तर आधी बघा तुम्ही झोपताय का, जेवताय का. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात रात्रभर तळमळून सकाळी मन लागत नाही, यात अध्यात्मिक काहीच नाहीये. हे खूप दिवस चाललंय, कशातच रस नाही असं असेल तर प्रश्न ८ वाचा.

६. देवावर रागावलं तर पाप लागतं का?

स्तोत्र १३ उघडा. किती वेळ, परमेश्वरा, मला कायमचा विसरणार का, अशी सुरुवात आहे. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच संपतं, एकही गोड ओळ शेवटी जोडलेली नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, मंडळीने गायचं म्हणून. ईयोबने देवाला काय काय सुनावलं, त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन व्यवस्थित भाषणं केली, आणि शेवटी बेचाळिसाव्या अध्यायात देव मित्रांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला.

घरात पण बघा ना, ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्यापुढेच माणूस भांडतं, परक्यापुढे गप्प बसतं. देवापुढे भांडा. देवाकडे पाठ फिरवून भांडू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून भांडा, एवढंच.

७. "तुमचा विश्वास कमी म्हणून आजार जात नाही" असं एका सभेत सांगितलं. खरंय का?

हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण आधीच आजारी असलेल्या माणसाच्या डोक्यावर अजून एक ओझं ठेवलं जातं. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. काटा राहिला. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? तीमथ्याला तो पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे सांगतो, म्हणजे तेव्हाचा घरगुती उपाय. त्याच्यासोबत फिरणारा लूक वैद्य होता. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी कोणाचं पाप विचारलं तेव्हा प्रभूने याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही असं सांगितलं, योहान ९ मध्ये आहे.

देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, आम्ही दर बुधवारी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. पण इन्सुलिन बंद करा, बीपीची गोळी सोडा, टीबीचा कोर्स अर्ध्यात टाका असं कोणी देवाच्या नावाने सांगितलं तर ऐकू नका. टीबीचं औषध मध्येच सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग जास्त कडक, जास्त दिवसांची औषधं घ्यावी लागतात. प्रार्थना पण करा, गोळी पण घ्या.

दानीएलच्या तिसऱ्या अध्यायातले ते तिघे भट्टीपुढे उभे राहून राजाला काय म्हणाले? आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. त्या "नाही सोडवलं तरी" मध्ये सगळा भरवसा आहे.

८. डिप्रेशन आहे म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. ख्रिस्ती माणसाने घ्याव्यात का? चर्चमध्ये कळलं तर काय म्हणतील?

घ्या. मधुमेहाच्या गोळीला कोणी विश्वास कमी म्हणत नाही, ही पण तशीच शरीराच्या एका अवयवाची गोळी आहे, आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका. कोणाला सांगायचं हा तुमचा निर्णय, सगळ्या मंडळीला सांगायची गरज नाही, एका-दोघांना मात्र सांगा. रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्या वेळी आम्हालाही फोन करा, झोपेतून उठवलं म्हणून कोणी रागावणार नाही.

९. अंगावर कर्ज आहे. दशांश (कमाईचा दहावा भाग) देऊ की हप्ता भरू?

हा अवघड आहे आणि यावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही. मलाखी ३ वाचून काही लोक आधी दशांश म्हणतात, त्यांच्या मनापासूनच्या विश्वासाचा मी मान ठेवतो. माझं मत असं की दुसऱ्याचे घेतलेले पैसे आधी द्यावेत, कारण रोमकरांस १३ मध्ये कोणाच्या ऋणात राहू नका आहे, आणि किराणावाल्याची उधारी थकवून दानपेटीत नोट टाकणं मला पटत नाही. २ करिंथकर ९ म्हणतं प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत नाही, दडपणाने नाही. दहा रुपये आनंदाने दिलेत तरी ते दान आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे. एवढे टाका म्हणजे देव दहापट देईल, कर्ज फिटेल, असं कोणी सांगत असेल तर तिथून उठून या. आणि तुमच्याकडे कामाला माणसं असतील तर त्यांचा पगार शनिवारी वेळेवर द्या, अनुवाद २४ मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे म्हटलंय. दशांशाइतकीच ती पण उपासना आहे.

१०. सभेत सगळ्यांच्या साक्षी ऐकते, कोणाला मूल झालं, कोणाचं घर झालं. माझंच काही होत नाही. मग आनंद कसा होणार?

ताई, साक्षी ऐकून पोटात तुटतं हे सांगायला धाडस लागतं. आम्ही आता गटात अशा पण साक्षी घ्यायला लागलोय ज्यात अजून काही मिळालेलं नाही, फक्त मी अजून देवाला सोडलं नाही एवढंच. त्या ऐकताना जास्त लोकांचे डोळे भरतात. रोमकरांस १२ मध्ये आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि रडणाऱ्यांबरोबर रडा असं दोन्ही आहे, मंडळीने पहिलंच तेवढं पाळलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो. ज्या दिवशी बारशाला किंवा वास्तूच्या प्रार्थनेला जाणं झेपत नाही त्या दिवशी जाऊ नका. बाकी मनातलं देवाला सांगायचं त्यासाठी प्रश्न ६.

११. घरात मी एकटीच विश्वासात आहे. गड्ड्याला जायचं का? सासूबाईंनी प्रसाद दिला तर?

जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा आली की हा प्रश्न दरवर्षी येतो. पोरांना घेऊन पाळण्यात बसवलं, भेळ खाल्ली, तवा घेतला, यात काही बिघडत नाही, ती सोलापूरची जत्रा आहे आणि आपण पण सोलापूरचेच. पूजेत भाग घेणं वेगळं, ते आपण करत नाही.

प्रसादाबद्दल १ करिंथकर ८ ते १० अध्याय आहेत, तिथेही हाच प्रश्न होता. पौल म्हणतो बाजारात विकलेलं काही न विचारता खा, कोणी जेवायला बोलावलं तर पुढे ठेवलेलं खा, पण हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. मी घेत नाही. पण कसं नाकारायचं यावर सगळं अवलंबून आहे. "हे सैतानाचं आहे" असं तोंडावर म्हणणारे लोक मी पाहिलेत, त्याने कोणी प्रभूजवळ आलेलं पाहिलं नाही. सासूबाईंना आत्या म्हणत असाल तर "आत्या, तुमचा मान मोडायचा नाही मला, पण एवढं मला जमत नाही, आणा ती भांडी मी घासते" असं म्हणा.

आणि घरच्यांवर घाई करू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० ला. मधली पाच वर्षं त्या घरात काय काय घडलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्यांची अभंगाच्या चालीवरची गीतं आपण रविवारी गातो त्यांच्या घरात पण वेळ लागला.

१२. आमच्या चर्चमध्ये कमिटीच्या इलेक्शनवरून भांडणं, कोर्टकचेऱ्या. जावंसंच वाटत नाही.

कळतं. पण एकट्याने विश्वास टिकवणं फार अवघड आहे, म्हणून मोठी उपासना नको वाटली तर निदान एखाद्या घरगुती गटात या. भांडणात तुम्ही स्वतः असाल तर मत्तय ५ सरळ आहे, दान वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. खोटी कामं चालू असतील तर त्याविरुद्ध बोलणं म्हणजे भांडखोरपणा नाही, हे पण लक्षात असू द्या.

१३. नवरा मारतो. वडीलधारे म्हणतात प्रार्थना कर, सहन कर, देवावर भरवसा ठेव. काय करू?

आधी सुरक्षित जागी जा. माहेरी, मैत्रिणीकडे, आमच्याकडे, कुठेही. १८१ महिलांची हेल्पलाइन आहे, लगेच धोका असेल तर ११२. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद बाजूला झाला आणि रात्री खिडकीतून पळून गेला, आणि त्याच्या विश्वासाबद्दल कोणी शंका घेत नाही. मार खात राहण्याला भरवसा म्हणू नका, आणि जो वडीलधारा असं सांगतो त्याला माझ्याकडे पाठवा, मी बोलतो.

१४. मुलगा गेला आमचा. लोक येऊन म्हणतात रडू नका, तो प्रभूजवळ आहे, आनंद करा.

दादा, वहिनी, रडा. मेलेला लाजर परत उठणार हे माहीत असून प्रभू त्याच्या थडग्यापाशी रडला. पुनरुत्थानाची आशा खरी आहे, मी तिच्यावर जगतो, पण ती आशा रडू दाबायला दिलेली नाही. पौल थेस्सलनीकाकरांस आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका म्हणतो, खेदच करू नका असं म्हणत नाही. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, वचन सांगायची घाई नको. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी घेऊन जा, पाणी भरून ठेवा, बसा. ईयोबचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोपर्यंत बरोबर होते.

१५. मी ख्रिस्ती नाही, पण बुधवारी येऊन बसलो तर चालेल का?

चालेल की. धर्म बदला असं कोणी म्हणणार नाही. आमच्याकडे तेलुगू, कानडी, मराठी तिन्ही भाषांत प्रार्थना होते, काही कळलं नाही तर शेजारच्याला विचारा.

१६. मला मोठ्याने प्रार्थना करता येत नाही, सगळ्यांसमोर शब्दच फुटत नाहीत. गटात लाज वाटते.

पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा "प्रभूजी, मला वाचवा" एवढंच म्हणाला आणि प्रभूने लगेच हात धरला. लांब प्रार्थना येते म्हणून कोणाचा विश्वास मोठा होत नाही. गोल बसल्यावर तुमची पाळी आली की शेजारच्याच्या हाताला हळूच हात लावा, म्हणजे तो पुढे सुरू करतो, आमच्यात ठरलेलंच आहे तसं.